न धुतलेले बोल्ट

केन-साय, पूल-तळ
३ एप्रिल १९८४

प्रयोगशाळा प्रमुख, कॉम्रेड कालिपा असानोव्ना यांस,

एजे म्हणून हाक मारत नाही, कारण हे पत्र थोरल्या बहिणीला लिहिलेलं नाही. आमच्या बोल्टच्या पेट्यांबरोबर ‘वापरण्यास योग्य’ असा सही-शिक्क्याचा कागद जिने पाठवला, त्या बाईला लिहिलं आहे.

गुरुवारी दुपारी डाव्या तीराकडच्या जोडावर इमानकुल रंगाचा डबा घेऊन उभा होता. बोल्ट आवळून चार दिवस झाले होते. कोणी पाना लावलेला नाही, कोणी हातोडा मारलेला नाही. आणि एक बोल्ट आपला आपणच तुटला. मी वीस पावलांवर होतो. गोळी सुटल्यासारखा आवाज झाला आणि बोल्टचं डोकं सरळ इमानकुलच्या उजव्या डोळ्यात गेलं. नारीनच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी डोळा काढून टाकला. संध्याकाळपर्यंत त्याच जोडातले आणखी चार बोल्ट तसेच तुटले.

इमानकुल म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको. तू फ्रुंझेला शिकायला निघालीस तेव्हा बर्फातून तुझी पेटी डोक्यावर घेऊन बसपर्यंत आला होता तो. दर पुलाच्या भार-चाचणीला गाळ्याखाली उभा राहणारा तोच. वर भरलेले ट्रक उभे करायचे आणि खाली बांधणाऱ्याने उभं राहायचं, ही आमची रीत तुला माहीत आहे. बाकीचे तोंडदेखले दोन मिनिटं उभे राहतात, हा खाली बसून चहा प्यायचा.

तुम्ही तिकडे उबदार खोलीत आठ बोल्ट तपासता आणि आठ हजारांवर शिक्का मारता. चौकशीवाल्याने विचारलं, हे बोल्ट पास कोणी केले? मी तुझं नाव सांगितलं. खोटं काय सांगायचं? त्याच पेटीतल्या उरलेल्यांपैकी आठ बोल्ट ट्रकबरोबर पाठवतोय. आता तरी डोळे उघडे ठेवून तपास. ज्याचे उघडे होते त्याचा एक गेला.

शारशेन

ता. क. आईला सांग, तिची मोठी कढई इतक्यात परत मिळणार नाही. इथे तिच्यावाचून चालत नाही.


फ्रुंझे
१२ एप्रिल

शारशेन,

इमानकुलचं वाचून मला यंत्रासमोरच रडू फुटलं. मग तुझ्या पत्राचा उरलेला भाग वाचला आणि रडू जागच्या जागी आटलं.

माझं नाव सांगितलंस, ठीक आहे. पण सांगण्याआधी एक तार तरी करायची होतीस. मंगळवारी सरकारी वकिलाच्या कार्यालयाचा माणूस थेट प्रयोगशाळेत आला आणि सगळ्यांच्या देखत त्याने मला विचारलं, ‘मुकादम तुमचा सख्खा भाऊ ना? मग तोच तुमच्याविरुद्ध का बोलतोय?’ मला तोंड कुठे लपवावं कळेना. एकोणीस वर्षं इथे मान वर करून चालले, ती तू एका दुपारी खाली घातलीस.

आता बोल्टचं ऐक. आठही बोल्ट नियमाप्रमाणे पेट्रोलने धुतले, पेट्रोल आणि तेलाच्या मिश्रणात बुडवले, वाळवले, यंत्रावर चढवले. एका तबकडीवर पान्याचा जोर, दुसऱ्या तबकडीवर बोल्टमधला ताण. चौऱ्याऐंशीच्या जोराला साडेबावीस टन ताण. आठही बोल्ट एकाच माळेतले असावेत तसे वागले. पोलाद ठीक, आटे ठीक, घर्षण ठीक. माझा कागद खरा होता आणि आहे.

मग तुटले कसे? मी सांगते. तुझ्या माणसांनी पान्याच्या दांड्याला पाइप लावून, मापाबाहेर जोर देऊन आवळले. घाई झाली की तुम्ही तेच करता, मी पूलवाल्यांना काही आजपासून ओळखत नाही. वरिष्ठांचा तगादा होता, गाळा महिनाअखेर जोडायचा होता, आणि तू मुकादम म्हणून बघून न बघितल्यासारखं केलंस. आता अंगाशी आलं तर खापर फोडायला बहीण आहेच.

अहवालात मी लिहिलं आहे: ‘बोल्टमध्ये दोष नाही, जोडणीच्या कामाची चौकशी व्हावी.’ वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या तर पाणी पी.

आई म्हणते, कढई ठेव हवी तर, पण तिला कोणी साबण लावला तर याद राखा. एकदा साबण लागला की कढई मेली असं ती म्हणते, ते तुला माहीत आहेच.

कालिपा


केन-साय
१८ एप्रिल

बाईसाहेब,

पाइप? माझ्या माणसांच्या फळीवर पाइप?

माझा पाना रोज सकाळी सगळ्यांसमोर तपासला जातो. दांड्याला मोजलेलं वजन टांगतो, काटा चौऱ्याऐंशीवर आला नाही तर काम सुरू होत नाही. वहीत रोजची नोंद आहे, खाली इमानकुलची सही आहे. तू ती वही बघितलीस? नाही. तिथे बसल्या बसल्या पाइप दिसला तुला.

इमानकुलच्या बायकोला, बुबुशला, तुझा अहवाल कोणीतरी वाचून दाखवला. ती तळावर आली आणि चुलीपाशी सगळ्यांसमोर मला म्हणाली, ‘म्हणजे माझ्या नवऱ्याने स्वतःच पाइप लावून स्वतःचा डोळा फोडून घेतला, असंच ना?’ तिला मी तुझा कागद दाखवू?

बाकीचं कामही पुस्तकाप्रमाणे झालं. कारखान्याचा चिकट लेप काढायला बोल्ट पाण्यात अर्धा अर्धा तास उकळले. थंडीने आमची लोखंडी टाकी तडकली होती, तरी उकळायचं चुकवलं नाही. पेट्रोलचा टँकर मात्र घाटात बर्फात अडकला, म्हणून त्या खेपेला शेवटची बुडी राहिली. पण बोल्ट उकळून निघाले तेच मुळी छान तुकतुकीत. कोरडा बोल्ट आवळला तर ताण कमी बसतो, हे मलाही कळतं. कोरडा एकही नव्हता.

आणि तू? तू बोल्ट धुतलेस. वर तोंड करून लिहितेस, ‘नियमाप्रमाणे धुतले.’ अगं, जे बोल्ट आमच्या हातांतून गेले ते तुला बघायचे होते ना? तू त्यांना प्रेतासारखी आंघोळ घातलीस, स्वच्छ कपडे चढवले आणि मग नाडी बघितलीस. असले बोल्ट आम्ही पुलाला लावलेच नव्हते.

पेटीच्या तळाशी सहा उरले होते. वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवतोय. त्यांना पेट्रोलचा थेंब लावशील तर माझी बहीण नाहीस. आहेत तसे चढव यंत्रावर.

आईला सांग, साबण लावलेला नाही. इथे आम्हाला आंघोळीला साबण मिळत नाही, कढईला कुठला लावू?

शारशेन


फ्रुंझे
२७ एप्रिल

शारशेन,

हे पत्र चुलीपाशी वाचू नकोस. एकटा असशील तेव्हा वाच.

नियम मोडून सहाही बोल्ट न धुता चढवले. पहिल्यालाच दुसरी तबकडी वेड्यासारखी पळायला लागली. पान्याचा जोर साठ, आणि ताण आधीच बावीसच्या पुढे. चौऱ्याऐंशीपर्यंत गेले तर बत्तीस टन. हा बोल्ट तेहेतीसला तुटतो. मला वाटलं यंत्र बिघडलं. धुतलेला बोल्ट चढवला, साडेबावीस. पुन्हा न धुतलेला, बत्तीस. सहापैकी दोन माझ्या डोळ्यांसमोर लांबत गेले, आटे मानेपाशी बारीक झालेले दिसत होते.

तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण याची एक प्रत चौकशी समितीपुढे जाणार आहे. पान्याला लावलेल्या दहा भागांतले नऊ भाग घर्षण खातं, एकच भाग बोल्टला ताणतो. घर्षण जरा घटलं की तो एक भाग दीड होतो. पान्याचा काटा मात्र तेच दाखवतो. काट्याला काय कळतंय आत काय चाललंय.

मग चौथा बोल्ट आवळताना आटे गरम झाले आणि वास आला.

शारशेन, मटणाचा वास आला. यंत्राच्या खोलीत, जिथे एकोणीस वर्षांत पेट्रोल आणि लोखंडाशिवाय कसला वास आला नाही, तिथे मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा वास. आटे नखाने खरवडले तर नखाखाली पांढरं मेण आलं. मी ते जिभेला लावलं. अर्धशतक जवळ आलेली बाई सरकारी यंत्रासमोर बोल्ट चाटत उभी होती.

तेव्हा तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. कढईवाचून चालत नाही. टाकी तडकली. बोल्ट तुकतुकीत निघाले. साबण लावला नाही. अरे, तू बोल्ट आईच्या कढईत उकळलेस. चाळीस वर्षं जी कधी घासली नाही, नुसती पुसली, तिच्यात. आणि गाळा जोडायच्या आदल्या दिवशी तुम्ही मेंढा कापला असणार, कापल्याशिवाय तुम्ही पूल जोडत नाही. जेवण झालं, कढई पुसली, वर पाणी ओतलं, बोल्ट टाकले. चरबी पाण्यावर तरंगली आणि बाहेर काढताना एकेका बोल्टला माखली. पेट्रोलची बुडी दिली असतीस तर त्यात बरीचशी गेली असती. तीही नाही दिलीस, कारण बोल्ट चकाकत होते.

माझी चूक मी लपवत नाही. पहिले आठ धुतले नसते तर दोन आठवडे आधी कळलं असतं. नमुना जसा आला तसा एक तरी तपासायला हवा होता, नियम काही म्हणो. अहवालात हे माझ्या नावाने लिहिलं आहे. पाइपचा आरोप मागे घेतला आहे. बुबुशला वेगळं पत्र टाकते आहे.

पण तू मला अजून सगळं सांगितलेलं नाहीस. एवढ्या तेलकट बोल्टवर पाना हाताला वेगळा लागतो. आवळणाऱ्याला ते कळल्याशिवाय राहत नाही. तुझ्या फळीवर कोणालाच कळलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

त्या जोडात अजून तीनशे पस्तीस बोल्ट आहेत. त्यांतला प्रत्येक उद्या सुटू शकतो. चोवीस मेला वर ट्रक चढणार आहेत. दहा मेपर्यंत तू स्वतः समितीपुढे जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. गेलास तर माझ्या अहवालात पहिली ओळ असेल की मुकादमाने आपण होऊन कळवलं. नाही गेलास तर अहवाल आहे तसा जाईल आणि तुझं नाव मी माझ्या हाताने लिहीन.

जोडाखाली कोणाला फिरकू देऊ नकोस, एवढं आजच कर.

कालिपा


फ्रुंझे
११ मे

शारशेन,

दहा तारीख गेली. तुझी ना ओळ, ना तार. आईने विचारलं, शारशेन पत्र का लिहीत नाही? मी म्हटलं, कामात आहे. तुझ्यासाठी आईशी खोटं बोलायची पाळी आणलीस, याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे.

उद्या सकाळी अहवाल देते आहे.

कालिपा


केन-साय
१४ मे

एजे,

तुझं चार ओळींचं पत्र काल मिळालं. आधीचं दोन तारखेला मिळालं होतं. शपथ घेऊन सांगतो, ते मिळाल्यापासून तुला लिहायला मी पेन हातात धरलं नाही, पानाच धरला.

तू बरोबर ओळखलंस. सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

जोड आवळायला घेतला तेव्हा तिसऱ्याच बोल्टला इमानकुल थांबला. म्हणाला, ‘उस्ता, पाना हलका जातोय. नट एरवीपेक्षा पाव फेरा जास्त फिरतो. मला हे आवडत नाही.’ मी खाली नकाशा उलगडून बसलो होतो. मी म्हणालो, ‘काटा चौऱ्याऐंशी दाखवतो ना? मग काट्याकडे बघ, बोल्टशी गप्पा मारत बसू नको.’ सगळी फळी हसली. तोही हसला आणि आवळत गेला. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस, त्याच्याच हाताने.

तो डोळा फुटला त्या क्षणापासून मला हे वाक्य ऐकू येतंय. म्हणूनच तुला ती पत्रं लिहिली. तुझा कागद खोटा निघाला असता तर माझं वाक्य पुसलं गेलं असतं. तुझ्यावर ओरडलो तेवढा वेळ ते ऐकू येत नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण तसंच होतं.

तुझं पत्र वाचून आधी समितीकडे नाही गेलो. नारीनला इस्पितळात गेलो. इमानकुल खाटेवर बसून कुर्त, तो वाळवलेल्या दह्याचा गोळा, चघळत होता. त्याला चरबीचं सांगितलं, कढईचं सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. म्हणाला, ‘कढईत पाणी मीच ओतलं होतं. वर चरबी तरंगताना मीही बघितली.’ मी विचारलं, चौकशीवाल्याला तू काय सांगितलंस? म्हणाला, ‘सांगितलं, आठवत नाही. पाना हलका जात होता हे सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुमचा मुकादम काय म्हणाला?’

महिनाभर तो एका डोळ्याने छताकडे बघत माझं वाक्य पोटात घेऊन पडला होता, आणि मी तुझ्या नावाने शंख करत होतो.

मी म्हणालो, इमानकुल, मला माफ कर. तो म्हणाला, ‘ते नंतर बघू. बोल्ट काढलेस का?’ मी नाही म्हणालो. तो म्हणाला, ‘मग इथे काय करतोयस?’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

चार तारखेला मी समितीपुढे सगळं सांगितलं. ते वाक्यसुद्धा. लिहून सही केली. तुला तार करायला हवी होती, पण तार-घर पन्नास किलोमीटरवर आणि मला जोड सोडवत नव्हता. त्यांनी मला मुकादमकीवरून काढलं, खटल्याचं पुढे ठरेल. नवीन मुकादमाला म्हणालो, मला साधा फिटर म्हणून ठेवा, हे बोल्ट मीच काढणार. आधी गाळ्याला खालून टेकू दिला, मग नऊ दिवस एकेक काढून त्याजागी नवीन. नव्या टाकीत उकळलेले, पेट्रोलमध्ये बुडवलेले, आणि दर पन्नासांतला एक मोजून. काढलेला प्रत्येक बोल्ट मोजला. दोनशे अकरा लांबलेत, कोणी दोन मिलिमीटर, कोणी तीन. काढताना एक तुटला, माझ्या कानाजवळून गेला. मी कोणाला सांगितलं नाही.

अहवाल दिला असशील तर चांगलं केलंस. पहिली ओळ तशी नको लिहूस. आपण होऊन नाही कळवलं मी, तू कळवायला लावलंस.

कढईवर समितीने लाखेचं सील मारून ती कोठारात ठेवली आहे. आईला काय सांगायचं ते तूच ठरव.

काल इमानकुलला सोडलं. काळी पट्टी बांधून तळावर आला, चहा घेतला. जाताना म्हणाला, ‘चोवीस तारखेला गाळ्याखाली मी उभा राहणार होतो. आता तू राहा. चहा घेऊन बस, मी बसायचो तसा.’

शारशेन


फ्रुंझे
१८ मे

शारशेन,

अहवाल बारा तारखेला दिला. तेराला समितीकडून कळलं की तू आधीच जाऊन आला होतास. त्याच दिवशी ती पहिली ओळ अहवालात घातली, आणि ती काढणार नाही. तुला पटो न पटो, चार तारीख दहाच्या आधी येते, आणि मी प्रयोगशाळेची माणूस आहे, तारखा बघते. तुझं ते वाक्यही अहवालाला जोडलं आहे, तेही तसंच राहील. मला लेखी ठपका मिळाला, नमुना जसा आला तसा न तपासल्याबद्दल. तो योग्य आहे. सोमवारपासून इथे प्रत्येक पेटीतले दोन बोल्ट न धुता चढवायचे, असा नियम मी भिंतीवर लावला.

राग गेलेला नाही. बसमध्ये, यंत्रासमोर, जेवताना, मध्येच उसळून येतो. तू मला ज्या शब्दांत लिहिलंस ते मी विसरणार नाही, आणि इमानकुलला तू जे म्हणालास ते तर आई असेपर्यंत तिच्या कानावर जाऊ देणार नाही. आईला एवढंच सांगितलं की कढई सरकारने घेतली. ती म्हणाली, त्यांनी साबण लावला नाही म्हणजे मिळवली.

चोवीस तारखेला सुट्टी घेतली आहे. फ्रुंझेची बस आदल्या दिवशी संध्याकाळी केन-सायला पोचते, बुबुशने मला तिच्याकडे उतरायला सांगितलं आहे. त्या बोल्टवर तुझ्या पान्याबरोबर माझी सहीसुद्धा होती, त्यामुळे डाव्या तीराच्या जोडाखाली मीही उभी राहणार. इमानकुल वर, पहिल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसणार आहे, असं बुबुशने लिहिलं आहे. हे तुला त्याने सांगितलेलं दिसत नाही.

चहाचे दोन पेले आण. तिथे तुझ्याशी बोलायचं की नाही ते मी ट्रक उतरल्यावर ठरवीन.

एजे